स्थूलता आणि शस्त्रक्रियेतील जिवाचा धोका

घरातील एखाद्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली की त्या घरात दोन प्रकारची बोलणी कानी पडतात. जबलपूर शहराला लागून असलेले महाराजपूर असो, की पुण्या-नागपुरातील एखादा जुना वाडा असो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. रुग्ण अंगाने स्थूल असेल, तर एक जण म्हणतो, "एवढ्या वजनाच्या माणसाला भूल सोसायची नाही, शस्त्रक्रियेचे नावच नको." दुसरा म्हणतो, "खात्यापित्या घरचे शरीर आहे; काही होणार नाही." पहिल्या मताने धास्तावून हर्नियाचा किंवा पित्ताशयातील खड्यांचा रुग्ण वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया टाळतो आणि आतडे अडकल्यावर किंवा पित्ताशयात पू झाल्यावर भर मध्यरात्री रुग्णालयात आणला जातो. दुसऱ्या मताने निर्धास्त होऊन त्याचे घोरणे, त्याचा मधुमेह, पायावर वारंवार येणारी सूज या गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच राहून जातात. दोन्ही मते अपुरी आहेत, आणि दोन्हींपायी माणसे दगावतात.

स्थूलतेमुळे शस्त्रक्रियेतील धोका वाढतो, हे खरे आहे. परंतु तो केवळ काट्यावरील वजनामुळे वाढत नाही. वजनाबरोबर शरीरात जे बदल होतात, त्यांतून तो निर्माण होतो. आणि त्यांतील बहुतेक बदल आधी ओळखता येतात, त्यांची तजवीजही करता येते. हे बदल कोणते आणि ती तजवीज कोणती, हे समजावून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

स्थूल कोणास म्हणावे?

डोळ्यांनी पाहून स्थूलता ठरविणे शास्त्रास मान्य नाही. बेल्जियमचा गणितज्ञ आदोल्फ केतले याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखविले की, प्रौढ माणसाचे वजन साधारणपणे त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यावरून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत रूढ झाली. १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी या भागाकाराला जे नाव दिले, ते आज 'बॉडी मास इंडेक्स' किंवा थोडक्यात 'बी. एम. आय.' म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. मराठीत त्यास देहभारांक म्हणता येईल. उदाहरणार्थ, १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा देहभारांक सुमारे ३५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे २५ च्या वर वजन अधिक आणि ३० च्या वर स्थूलता समजली जाते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी या मर्यादा खाली आणून अनुक्रमे २३ आणि २५ अशा सुचविल्या.

मर्यादा खाली का आणावी लागली, याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा ती युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. दिसण्यात बारीक असलेल्या भारतीय देहात चरबी दडलेली असू शकते, आणि ती विशेषतः पोटात, आतड्यांच्या आसपास साठते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी या पोटातील चरबीचाच निकट संबंध असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी वजनाबरोबर कमरेचा घेरही पाहणे आणि रक्तातील साखर तपासणे, हे आपल्याकडे अधिकच अगत्याचे ठरते.

भूल आणि श्वास

स्थूल रुग्णाच्या बाबतीत पहिली काळजी शल्यवैद्यापेक्षा भूलतज्ज्ञाला वाहावी लागते. माणूस उताणा निजला की पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि ते छातीच्या दिशेने वर ढकलले जाते. फुफ्फुसांची प्रसरण पावण्याची जागा कमी होते. श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती म्हणजे प्राणवायूची एक शिदोरीच असते. भूल दिल्यावर रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो, आणि श्वासनलिकेत नळी बसवून कृत्रिम श्वास सुरू होईपर्यंत रुग्णाला या शिदोरीवरच निभावावे लागते. सत्तर किलोग्रॅम वजनाच्या निरोगी माणसाला आधी शुद्ध प्राणवायू भरपूर हुंगविला, तर श्वास थांबल्यानंतर रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीकडे घसरण्यास सुमारे आठ मिनिटे लागतात. सव्वाशे किलोग्रॅमच्या आसपास वजन असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हाच अवधी तीन मिनिटांहूनही कमी असतो. त्यातच मान जाड व आखूड असेल, तर नळी बसविण्याचे कामही अवघड होते. म्हणजे काम कठीण आणि वेळ थोडा, अशी दुहेरी अडचण उभी राहते.

यावरचा उपाय साधा आहे. रुग्णाला सपाट न निजविता डोके, खांदे व छाती उंचावून, कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाचा वरचा काठ एका पातळीत येईल असे ठेवावयाचे. आधी पुरेसा वेळ प्राणवायू द्यावयाचा. आणि नळी पहिल्या प्रयत्नात न बसल्यास पुढे काय करावयाचे, हे आधीच ठरवून साहित्य हाताशी ठेवावयाचे. जेथे शक्य असेल तेथे पूर्ण भूल न देता कमरेतून दिलेल्या इंजेक्शनाने खालचे अंग बधिर करून शस्त्रक्रिया उरकता येते.

दुसरा धोका शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचा. पुष्कळ स्थूल माणसे झोपेत मोठ्याने घोरतात. मधेच घोरणे थांबते, काही सेकंद श्वास बंद पडतो, आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो. घरच्यांना हे 'गाढ झोपेचे लक्षण' वाटते. वस्तुतः घशातील सैल स्नायूंनी श्वासमार्ग बंद केल्याचे ते लक्षण होय. अशा रुग्णाला वेदना शमविण्यासाठी मॉर्फीनच्या जातीचे औषध दिले, तर मेंदूची श्वास पुन्हा सुरू करण्याची प्रेरणा मंदावते, आणि वॉर्डात सर्व जण निजलेले असताना अनर्थ ओढवू शकतो. टोरांटो येथील भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हा विकार ओळखण्यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. घोरणे, दिवसा येणारा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे काय, रक्तदाब, देहभारांक, वय, गळ्याचा घेर आणि लिंग, एवढ्याच बाबी तीत विचारल्या जातात. यांतील एका प्रश्नाचे उत्तर रुग्ण स्वतः देऊ शकत नाही. ते त्याची पत्नी किंवा मुलेच देऊ शकतात. म्हणून भूलतज्ज्ञाच्या भेटीस जाताना घरचे एक माणूस बरोबर असणे फार उपयोगाचे असते.

रक्ताची गुठळी

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फुफ्फुसात अडकणाऱ्या गुठळ्यांचा अभ्यास केला. शिरांत गुठळी होण्याची जी तीन कारणे त्याच्या नावाने ओळखली जातात, ती अशी: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. स्थूल माणसाच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकत्र येतात. पायांतील रक्त पोटाच्या दाबामुळे सावकाश वर चढते, चरबीतून रक्त गोठण्यास साहाय्य करणारी द्रव्ये स्रवतात, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अंथरुणाला खिळतो. पोटरीतील शिरेत झालेली गुठळी सुटून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली, तर बरा होत आलेला माणूस उभ्याउभ्या कोसळतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि माणूस मात्र गेला, अशा हकिगतींपैकी काहींच्या मागे हीच गुठळी असते.

या मृत्यूंना आळा घालता येतो, याचा पुरावा जुना आहे. लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यवैद्य विजय कक्कर यांच्या पुढाकाराने चार हजारांवर रुग्णांवर झालेला प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधीपासून हेपॅरिन या औषधाची अल्प मात्रा ज्यांना दिली, त्यांच्यातील दोघे फुफ्फुसातील गुठळीने दगावले. ज्यांना दिली नाही, त्यांच्यातील सोळा जण. तेव्हापासून हेपॅरिन किंवा तत्सम औषध, पायांवर दाब देणारे मोजे किंवा यंत्र, आणि लवकरात लवकर चालविणे ही त्रयी रूढ झाली आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या सकाळी परिचारिका रुग्णाला उठावयास सांगते, तेव्हा "दुखतंय, आज पडू द्या त्यांना" असे म्हणून घरच्यांनी आड येऊ नये. ती चार पावले औषधाइतकीच मोलाची असतात.

जखम आणि औषधाची मात्रा

चरबीच्या थरात रक्तवाहिन्या विरळ असतात. त्यामुळे तेथे प्राणवायू आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी पोहोचतात, आणि जखम चिघळण्याचा संभव वाढतो. मधुमेह असल्यास तो आणखी वाढतो. टाक्यांवर पडणाऱ्या ताणामुळे पुढे त्याच जागी हर्निया होण्याचीही भीती असते. दुर्बिणीद्वारे छोट्या छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत ही जखमच लहान असल्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

औषधाच्या मात्रेचा प्रश्नही येथे नाजूक होतो. जखम चिघळू नये म्हणून आधी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिन या औषधाची प्रौढांची नेहमीची मात्रा २ ग्रॅम असते. १२० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णास ती ३ ग्रॅम देण्याची शिफारस आहे. उलट भुलेच्या काही औषधांची मात्रा पूर्ण वजनावर न काढता चरबी वगळून उरलेल्या वजनावर काढावी लागते. अन्यथा ती अतिरिक्त होते. म्हणून रुग्णाचे वजन अंदाजाने न लिहिता काट्यावर मोजूनच नोंदविले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

एवढे धोके वाचल्यावर स्थूल रुग्णांचे मृत्यू पुष्कळ अधिक असतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्ष मोजदाद मात्र वेगळे चित्र दाखविते. झुरिच येथील शल्यवैद्यांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांच्या ६,३३६ रुग्णांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. स्थूल रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १५.१ टक्के, तर इतरांत १६.३ टक्के निघाले. म्हणजे सांगण्यासारखा फरक आढळला नाही. फक्त उघड्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचे प्रमाण स्थूलांत ४ टक्के आणि इतरांत ३ टक्के होते. पुढे २००९ साली अमेरिकेतील १,१८,७०७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. देहभारांक वाढत गेला तशी गुंतागुंत वाढली, पण ती वाढ मुख्यतः चिघळलेल्या जखमांची होती. मृत्यूचे प्रमाण मात्र किंचित जाड आणि मध्यम स्थूल रुग्णांत सर्वांत कमी होते. ते दोन्ही टोकांना, म्हणजे अतिस्थूल आणि अतिकृश रुग्णांत वाढलेले आढळले, आणि त्यांतही कृश रुग्णांत सर्वांत अधिक.

या ठिकाणी चरकसंहितेचे स्मरण होते. तिच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारचे निंद्य देह सांगितले आहेत, आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केला आहे. दोन्ही टोके सदोष, हा चरकाचा विचार आधुनिक मोजणीशी जुळतो. मात्र या दोहोंत कृशता बरी, असा जो कौल तेथे दिला आहे, त्याला शस्त्रक्रियेच्या खोलीत आधार मिळत नाही. शस्त्रक्रिया हा शरीरावरील मोठा आघात असतो. तो भरून काढण्यास स्नायू, प्रथिने आणि साठविलेली ऊर्जा लागते. कृश माणसाची ही पुंजी आधीच संपलेली असते, आणि त्याची कृशता पुष्कळदा कर्करोग किंवा क्षय यांसारख्या आजाराचीच खूण असते.

तथापि या आकड्यांवरून स्थूलता हे कवच आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्या स्थूल रुग्णांची प्रकृती फार बिघडलेली असते, त्यांना शल्यवैद्य बहुधा शस्त्रक्रियेस घेतच नाहीत. निवडलेले रुग्णच या मोजणीत येतात. शिवाय ही मोजणी सुसज्ज रुग्णालयांतील आहे. आणि भारतात दोन्ही टोकांची माणसे एकाच गल्लीत राहतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, तर सुमारे १९ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा कृश.

गुंतागुंत आणि मृत्यू यांमधील अंतर

या सर्व चर्चेचे मर्म एका गोष्टीत आहे. गुंतागुंत होणे आणि तिने मृत्यू येणे, या दोन भिन्न घटना आहेत. अमेरिकेतील ८४,७३० रुग्णांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत मृत्यू सर्वांत अधिक होते आणि ज्यांत सर्वांत कमी होते, त्या दोहोंत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे शेकडा पंचवीसच्या आसपास होते. परंतु मोठी गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी पहिल्या प्रकारच्या रुग्णालयांत २१.४ टक्के दगावले आणि दुसऱ्या प्रकारच्या रुग्णालयांत १२.५ टक्के. म्हणजे फरक पडला तो संकट वेळीच ओळखून धावून जाण्यात.

स्थूल रुग्णाच्या बाबतीत खरी अडचण येथेच आहे. आतड्याचा सांधा झिरपू लागला, तर सडपातळ माणसाचे पोट हाताला कडक लागते. चरबीच्या जाड थराखाली ते कळत नाही. ताप येईलच असे नाही. पुष्कळदा पहिली खूण एवढीच असते की, नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर जातात, श्वास जलद होतो आणि रुग्ण अस्वस्थ दिसतो. "काही तरी बरे वाटत नाही" हे त्याचे बोलणे अशा वेळी हसण्यावारी नेण्याजोगे नसते.

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया

स्थूलतेवरच उपाय म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांनी या विचारात भर घातली आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा मोठा भाग वगळून अन्नाचा मार्ग आतड्याशी जोडण्याची शस्त्रक्रिया केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आढळले. हे सर्व रुग्ण अतिस्थूल होते, तरीही हजारांतून तीन एवढेच दगावले. कारण त्यांची तपासणी व तयारी कसून झालेली होती. धोका अधिक होता तो पूर्वी गुठळी झालेल्यांना, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना आणि चालणे-फिरणे खुंटलेल्यांना. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात सुमारे अकरा वर्षांनंतर, शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी १०१ आणि न झालेल्या २,०३७ जणांपैकी १२९ मृत्यू पावले होते.

तरीही मर्यादा विसरता येत नाही. २०१७ साली सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाच्या एका इजिप्शियन महिलेला उपचारांसाठी मुंबईस आणण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. शस्त्रक्रिया पार पडली. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे तिचा अंत झाला. हृदय आणि मूत्रपिंडे यांचे विकार तिच्या मृत्यूस कारण झाल्याचे सांगण्यात आले. शरीराची इंद्रिये वर्षानुवर्षे झिजल्यावर केलेला उपाय कितीही कुशल असला, तरी तो उशिराचा ठरतो.

पूर्वतयारी

तेव्हा शस्त्रक्रिया ठरलेल्या स्थूल रुग्णाने काय करावे? शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर हाती असलेले आठवडे वाया घालवू नयेत. मधुमेह असल्यास मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून घ्यावी आणि साखर आटोक्यात आणावी. विडी, सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडावी. रोज चालावे व दीर्घ श्वसनाचा अभ्यास करावा. वजन कमी करावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. घाईने केलेल्या उपवासांनी चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि रुग्ण स्थूल असूनही दुबळा होतो. घोरणे, धाप, पायाची सूज, पूर्वी झालेली गुठळी, चालू असलेली सर्व औषधे, यांत काढे व चूर्णेही आली, हे सर्व न लाजता सांगावे. झोपेसाठी श्वासाचे यंत्र वापरीत असल्यास ते रुग्णालयात बरोबर न्यावे.

रुग्णालय निवडताना शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री देखरेख कोण करणार, अतिदक्षता विभाग आहे की नाही, हे विचारण्यात संकोच नसावा. महाराजपूरच्या माणसाला जबलपुरातच नागपूर रस्त्यावर १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. लहान दवाखान्यात सोयीने होणारी शस्त्रक्रिया कोणती आणि जिच्यासाठी शहर ओलांडून मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे ती कोणती, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे. घरी परतल्यावरही पोटरी दुखून सुजणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे किंवा नाडी भरधाव चालणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्थूल माणसाला शस्त्रक्रिया वर्ज्य नाही, आणि बारीक माणसाला ती निर्धोक नाही. काट्यावरचा आकडा ही केवळ सूचना आहे; तिच्यामागील श्वास, रक्त, साखर आणि स्नायू यांची चौकशी जेथे वेळेवर होते, तेथे बहुतेक रुग्ण आपल्या पायांनी घरी परततात. ही चौकशी करणे हे डॉक्टरांचे काम होय. तिला खरी उत्तरे देणे हे रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे.